मोड्याच्या दिवशी आलेली लस

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. कोणी विचारलं नाही असं नव्हे. घरातल्यांनी विचारलं, गावातल्या पोरांनी विचारलं. बुळकांडीच्या सालाचा विषय निघाला की मी सरकीच्या भावावर यायचो, नाहीतर कान दुखतोय म्हणून उठून जायचो. असं करत करत त्या वेळची माणसं एकेक करून गेली, आणि आता मला खोटं पाडणारं कोणी उरलं नाही. खरं बोलायला इतकी सोयीची वेळ आली, ही सुद्धा लाजेचीच गोष्ट आहे.

गेल्या उन्हाळ्यात जालन्याला दूधवाल्यांचा एक मेळावा होता. नातू मला घेऊन गेला. जनावरांच्या एका तरुण डॉक्टरानं पडद्यावर चित्रं दाखवली आणि सांगितलं, की पूर्वीचे शेतकरी अंधश्रद्धेमुळे लस टोचू देत नसत. मग आमच्याच गावचा एक जण उठला, माझ्या निम्म्या वयाचा. म्हणाला, "आमच्या गावात तर डॉक्टरनंच लस मातीत ओतून दिल्ती. म्हणून आमच्या म्हशी मेल्या." दोघांनाही टाळ्या पडल्या. मी काठी आपटून उभा राहिलो आणि म्हणालो, "दोघंबी खोटं बोलून राह्यले." नातवानं माझी बाही ओढली. ध्वनिक्षेपक तोवर दुसऱ्याच्या हातात गेला होता आणि दुधाच्या फॅटवर बोलणं सुरू झालं होतं.

म्हणून लिहितो आहे. हात जोडून लिहीत नाही. माझ्या वाटणीचं जे आहे ते मी घेईन. जे माझं नाही ते माझ्या माथी मारू देणार नाही, आणि आमच्या लोकांच्या माथीही नाही.

आमचं गाव जालना-अंबड रस्त्यापासून थोडं आत. तेव्हा आमचा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातलं एक गाव होतं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण कचेरीतले शब्द तेच होते. जनावरांच्या डॉक्टराला जुनी माणसं सलोत्रीच म्हणायची. माझ्या घरी म्हशी होत्या. वडील थकले होते, त्यामुळे सगळा कारभार माझ्याकडे होता. सकाळी सायकलला दुधाचे डबे अडकवून मी जालन्याला मस्तगडात एका मिठाईवाल्याकडे रतीब घालायचो. गावातल्या चार घरांचं दूधही मीच न्यायचो. त्यामुळे दुधाच्या बाबतीत गाव माझ्या तोंडाकडे बघायचं. विशीतल्या माणसाला हे फार चढतं. मलाही चढलं होतं.

म्हशींमध्ये एक शिंगमोडी होती. एका शिंगाचं टोक लहानपणीच तुटलेलं. तिचं दूध इतकं दाट, की मिठाईवाला तिच्या दुधाचा डबा वेगळा ठेवायला लावायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, की हा खवा अंबड रोडचा आहे. लग्नसराईत तो म्हणायचा, "बाबा, तू आजारी पड, तुझा बाप आजारी पडू दे, पण शिंगमोडीला शिंक येऊ देऊ नको."

अंबडच्या जनावरांच्या दवाखान्यात जे डॉक्टर आले होते ते हैदराबादचे. घरी उर्दू बोलणारे, आमच्याशी दख्खनी आणि मोडकी मराठी मिसळून बोलायचे. सडपातळ, चालताना हात मागे बांधलेले. पोलीस ॲक्शन होऊन फार काळ लोटला नव्हता आणि एकमेकांकडं बघण्याच्या लोकांच्या नजरा साफ झाल्या नव्हत्या. चावडीवर कोणीतरी म्हणायचंच, "ह्या म्हाताऱ्या सलोत्र्याला हैदराबादनं इकडं कायला ठिवलं?" म्हातारे मुळीच नव्हते ते. केस तेवढे लवकर पिकले होते.

त्या वर्षी सरकारनं ठरवलं, की बुळकांडी मुळातून काढायची. सगळ्या गावांतली सगळी गुरं टोचायची, एकही सोडायचं नाही. बुळकांडी काय चीज असते हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. जनावराचे डोळे गळायला लागतात, तोंडात फोड येतात, मग पातळ हागवण लागते, आणि जनावर उभ्या उभ्या आटत जातं. गोठ्यात एकाला लागली की बाकीचे मोजत बसायचं. आम्हाला ती माहीत होती. आम्ही तिला भीत होतो. हे मी ठासून सांगतो, कारण मेळाव्यातल्या डॉक्टराला वाटतं की आम्हाला काही कळतच नव्हतं.

आम्हाला सुईचंही कळत होतं. शेजारच्या गावांत टोचून झालं होतं. लस बोकडाच्या अंगात तयार करतात, हे कळल्यावर काही लोक बिचकले, हे खरं. पण दूधवाले बोकडाला बिचकले नव्हते. ते बिचकले होते आटलेल्या कासेला. टोचलेल्या म्हशीला ताप यायचा, ती चारा सोडायची, दूध निम्म्यावर यायचं. तालुक्याला भिंतीवर जे कागद चिकटवले होते त्यांवर गुटगुटीत गाय होती आणि तिच्याखाली भरलेली चरवी. दूध घटेल असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. फिरतीवरचे कर्मचारी विचारलं तर सांगायचे, "काही होत न्हाई, बिलकुल होत न्हाई." मग ज्याच्या म्हशीचं दूध घटलं तो गावोगाव सांगत सुटायचा, की सुई खोटी आहे. चूक त्याची, की त्या भिंतीवरच्या गाईची? मी आजही विचारतो.

एका बाजाराच्या दिवशी मी पेंड घ्यायला अंबडला गेलो होतो. डॉक्टरसाहेबांनी मला दवाखान्याच्या ओट्यावरून हाक मारली. "आओ दूधवाले, बैठो." चहा मागवला. मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, सुईनं दूध घटतं का न्हाई? खरं सांगा."

बाकीचे डॉक्टर कसे उत्तर देतात ते मला माहीत होतं. हे म्हणाले, "हौ, घटेगा ना. आठ-दस रोज घटेगा. बुखार आयेगा, जनावर सुस्त पडेगा. फिर बराबर होता. झूट कायकू बोलूं?"

"आठ-धा रोज?"

"हौ. लेकिन फिर बुळकांडी नै आती."

"साहेब, बुळकांडी यील का न्हाई ते कुणाला ठावं? पण दूध घटणार ते आत्ताच कळालं."

ते हसले. म्हणाले, "तुम एक भैंस देखते मियाँ. मैं पूरा रेवड देखतूं. रेवड में दो-चार को तकलीफ हुई तो भी रेवड बचता."

मी म्हणालो, "रेवड माह्या घरी न्हाई, साहेब. माह्या घरी म्हैस हाय."

ओट्यावरचे लोक हसले आणि मला बरं वाटलं. ते उत्तर मला अजूनही चुकीचं वाटत नाही. जो खांद्याला बॅग अडकवून गावं फिरतो त्याला कळप दिसतो. जो पहाटे कासेखाली बसतो त्याला एकेक सड दिसतो. दोघंही खरे आहेत. फक्त कळपवाल्यानं सडवाल्याला अडाणी म्हणू नये.

मग त्यांनी कामाचं काढलं. "तुम्हारा गाँव रह गया. गाँव तुम्हारी सुनता. एक दिन देओ मेरेकू, जिस दिन सब जनावर गाँव में मिलेंगे."

लग्नसराई तोंडावर होती. मिठाईवाल्याला मी शब्द देऊन बसलो होतो. दुसऱ्या गावचा एक जण माझा रतीब मोडायला टपलेला होता, आणि आठ-दहा दिवस माझा डबा रिकामा गेला असता तर त्यानं माझी जागा घेतलीच असती. नाही म्हणावं, तर सगळ्या तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याशी वाकडं. त्या ओट्यावर चहाची बशी हातात धरून मी विचार केला, आणि म्हणालो, "मंगळवारी या साहेब. मंगळवारी सगळी जनावरं गावातच असत्यात."

हे अगदी खरं होतं. आमच्या गावात त्या दिवसांत दर मंगळवारी मोडा असायचा. प्रत्येक गावाचा मोडा वेगळा, काही गावांत नाहीच. आमच्याकडे मरीआईच्या नावानं मंगळवार पाळायचे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही, गाडी नाही, ताक घुसळणं नाही, दूध गावाबाहेर जाणं नाही. गुरं रानात न नेता गावातच ठेवायची. आणि सूर्य मावळेपर्यंत जनावराच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. बैलाच्या खुराला पत्री मारायची नाही, शिंगं साळायची नाहीत. सुई ही लोखंडाचीच.

डॉक्टरसाहेबांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं.

कोणी म्हणेल, तूही मोडा मानणारा, तुझ्या तोंडून निघून गेलं असेल. तेही सांगून टाकतो. आदल्याच वर्षी शिंगमोडीच्या खुरात बाभळीचा काटा गेला होता आणि मी मंगळवारी भर दुपारी गोठ्याचं दार लावून चाकूनं तो काढला होता. माझा मोडा असा होता. देवीला मी माझ्या सोयीनं वापरलं. म्हणून अंधश्रद्धेचं नाव कोणी घेतलं की मला राग येतो. अंधश्रद्धा गावाची असेल. माझा तो हिशेब होता.

मंगळवारी ते आले. बसनं फाट्यावर उतरले आणि तिथून चालत. मोड्यामुळे गाडी जुंपता येत नव्हती, त्यामुळे भुशात बर्फ भरलेली लाकडी पेटी त्यांचा कंपाउंडर डोक्यावर घेऊन आला. बर्फ जालन्याहून पहाटेच आणवलेला. ऊन असं होतं, की वाटेवरची माती पायाला भाजत होती. लसीच्या कुप्या त्या बर्फात. बर्फ आहे तोवर लस जिवंत, हे त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं होतं.

चावडीजवळच्या लिंबाखाली गाव जमलं. मरीआईच्या देवळाची पूजा करणारे म्हातारे बाबा पुढं झाले. "साहेब, आज मोडा हाय. जनावराला लोखंड लागत न्हाई."

मागून कोणी ओरडलं, "लाकडाची सुई आणायची व्हती साहेब!"

डॉक्टरसाहेब हसले. "लकडी की सुई बनाते बनाते बुळकांडी घर में आ जायेगी तुम्हारे." लोकही हसले. मग हसता हसता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दूधवाले, मंगल तुम बोले थे."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि म्हणालो, "साहेब, मोडा हाय हे डोक्यातून गेल्तं. इसरलो."

त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. मग म्हणाले, "हौ. होता." आणि म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "कब छूटता मोडा?"

"दिवेलागणीला."

"तो बैठतूं."

मला वाटलं होतं, चिडतील, निघून जातील, नंतर कधी तरी येतील, तोवर लग्नं उरकतील. ते बसले. लिंबाची सावली सरकली की ते पेटी सरकवायचे आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसायचे. अंगातला कोट काढून पेटीवर टाकला. कंपाउंडर विहिरीवरून पोतं भिजवून आणायचा, ते पेटीवर घालायचे, ते वाळायचं. गावातली टवाळ माणसं म्हणत होती, "सलोत्री अंडी उबवून राह्यला." माझ्या शेजारच्या काकूंनी, नवरा वारलेल्या, एकच म्हैस बाळगून असलेल्या, त्यांना गूळपाणी नेऊन दिलं. मला म्हणाल्या, "आरं, त्या माणसाचं तोंड बघ कसं झालं. तू त्याला सांगून तरी ठिवायचं."

मी म्हणालो, "इसरलो, काकू."

दुसऱ्यांदा म्हटलेलं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं.

दिवे लागले आणि गाव खरोखर आलं. हे त्या मेळाव्यातल्या डॉक्टरानं नीट ऐकावं. गाव आलं, दावी हातात धरून, रांग लावून. पहिल्या काकू होत्या. "मोडा सरला. टोचा आता माही म्हैस." डॉक्टरसाहेबांनी पेटी उघडली. आत पाणी होतं. त्यांनी एक कुपी काढून गालाला लावली, मग दुसरी लावली.

"मर गई," ते म्हणाले.

"कोण मेलं?" काकूंनी विचारलं.

"दवा."

रांगेत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, दिवसभर बसून आता नाटक करतोय. कोणी आणखी वाईट बोललं, ते मी लिहीत नाही. ते त्यांच्या धर्मावरून होतं. मी पुढं झालो आणि हलक्या आवाजात म्हणालो, "साहेब, टोचून टाका. गावाचं समाधान व्हईल. कुणाला काय कळतंय?"

मी हे का म्हणालो ते मला माहीत आहे. मेलेली लस टोचली असती तर दूध घटलं नसतं, गाव खूश, साहेब खूश, मीही मोकळा.

ते म्हणाले, आणि हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पानी टोचूं और टोचा बोलके कान को निशान करूं? फिर बीमारी आयेगी तो तुम लोगां बोलेंगे सुई झूटी. आज झूटी सुई मारा, तो कल सच्ची कोई नै लेगा." आणि त्यांनी एकेक कुपी दगडावर फोडली आणि मातीत ओतली.

गावानं एवढंच पाहिलं. ओतताना पाहिलं.

जाताना त्यांनी मला दुसरा दिवस विचारला. मी म्हणालो, लग्नसराई उरकू द्या.

बुळकांडी त्याआधीच आली. बाजारातून आणलेल्या एका गोऱ्ह्याचे डोळे गळायला लागले, आणि तो गोऱ्हा सगळ्या गुरांबरोबर एकाच हौदावर पाणी पीत होता. मग कोणीच काही थांबवू शकलं नाही. डॉक्टरसाहेब पहिल्याच निरोपाला आले आणि आमच्या गावातच राहिले. आजारी जनावरं वेगळी बांधायला लावली, हौद बंद केला, मेलेली चुना टाकून पुरायला लावली. जी अजून धड होती त्यांना टोचलं. बऱ्याच जनावरांना तोवर उशीर झाला होता. काकूंची म्हैस गेली. माझ्याही दोन गेल्या. शिंगमोडीला काहीच झालं नाही. डॉक्टरसाहेब तिचं तोंड उघडून बघत म्हणाले, "इसकू बचपन में आके गई बीमारी. एक बार आके बची तो दुबारा नै आती."

गावानं मात्र वेगळाच अर्थ लावला. मोड्याच्या दिवशी सुई आणली म्हणून देवी कोपली, आणि ज्यानं विसरल्याची चूक गावासमोर कबूल केली त्याची शिंगमोडी तिनं राखली. मी चूक कबूल केली! लोक मला नारळ फोडायला पुढं करू लागले. आणि ज्यांना देवी पटत नव्हती ते म्हणायचे, सलोत्र्यानं औषध मातीत घातलं. दोन्ही गोष्टींत मी स्वच्छ होतो.

औरंगाबादहून मोठा साहेब चौकशीला आला. चावडीवर गाव बसलं होतं, डॉक्टरसाहेब बाजूला उभे. साहेबानं मला विचारलं, "यांनी लस ओतून दिली हे खरं का?"

"खरं हाय."

"तुमच्या डोळ्यांदेखत?"

"व्हय."

"मोड्याचा दिवस कोणी ठरवला?"

मी पुन्हा पटका सारखा करायला हात वर नेला. तेवढ्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "मैंने. पूछना था, पूछा नहीं."

चौकशी तिथं संपली.

पायऱ्या उतरताना मी त्यांना गाठलं. आभार मानायला नाही, मला राग आला होता. दुसऱ्यानं आपला गुन्हा उचलला की आपण त्याच्या हाताखाली जातो, ते मला सहन होईना. मी म्हणालो, "साहेब, तुमी खोटं कायला बोलले? तुमी तर खोटं बोलत न्हाई."

ते म्हणाले, "मियाँ, रेवड पानी में कैसा उतरता? आगे की भैंस उतरी तो सब उतरते. आगे की बिचकी तो सब बिचकते. तुम्हारा नाम लेता तो तुम बिचकते. फिर ये गाँव कभी सुई नै लेता."

म्हणजे त्यांना कळलं होतं. लिंबाखालीच कळलं होतं. आणि माझ्यावर दया म्हणून नव्हे, तर मी कळपातली पुढची म्हैस आहे म्हणून त्यांनी मला राखलं. मला म्हैस म्हटल्याचा इतका संताप आला, की मी वळून चालू लागलो. नंतर कितीतरी वर्षं मला त्या संतापाचाच आधार होता.

त्यांची बढती थांबली. अंबडचा दवाखाना काढून घेऊन त्यांना घनसावंगीकडच्या गोदाकाठच्या गावांत फिरतीवर टाकलं. पुढच्या वर्षी नवे डॉक्टर लस घेऊन आले तेव्हा सगळ्यांत आधी मी माझ्या म्हशी नेल्या. शिंगमोडीला गरज नव्हती, तरी तिला गावासमोर नेऊन टोचून घेतली, म्हणजे मागं कोणी राहू नये. बाकीच्यांचं दूध घटलं. मिठाईवाल्याला जाऊन सांगितलं, "आठ-धा रोज घटंल. फिर बराबर होता." त्यानं शिव्या दिल्या आणि थांबला. माझा रतीब मोडला नाही. म्हणजे पहिल्या खेपेलाही मोडला नसता.

नव्या डॉक्टरांना मी तोंडावर सांगितलं, की दूध घटतं हे आधी सांगत जा. त्यांनी मला तक्रारखोर ठरवलं. ठरवू दे. पुढं आयुष्यभर प्रत्येक लसीच्या वेळी मी हेच भांडलो, आणि प्रत्येक लसीला पहिला उभा राहिलो. काकूंच्या घरी रोज दूध पोचवत राहिलो. त्या मरेपर्यंत मला आशीर्वाद द्यायच्या आणि त्या सलोत्र्याला शाप द्यायच्या. दोन्ही मी ऐकून घेतलं.

मग हैदराबाद राज्य मोडलं. आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि तिकडची माणसं तिकडं परत जाऊ लागली. डॉक्टरसाहेब जाणार हे कळलं तसा मी शिंगमोडीच्या दुधाचा खवा घेऊन अंबडला गेलो. बसच्या थांब्यावर ते लोखंडी ट्रंकेवर बसले होते. केस आता सगळे पांढरे.

"आओ दूधवाले, बैठो."

मी त्यांच्या शेजारी ट्रंकेवर बसलो. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. बस उशिरा आली, खूपच उशिरा, म्हणजे वेळ नव्हता असंही मला म्हणता येत नाही. त्यांनी शिंगमोडीची चौकशी केली. पेंडीपेक्षा सरकी भिजवून घाल म्हणाले. गावानं सुई घेतली का, विचारलं. मी म्हणालो, "घेतली साहेब. समद्यांनी घेतली." त्यांनी मान हलवली आणि खव्याचा एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "रेवड बच गया फिर."

वाटेत सायकलवर मी ते वाक्य घोळवत आलो होतो. लहानसं होतं. ट्रंक बसच्या टपावर चढवली तेव्हा ते जिभेवर होतं. बस अंबडच्या वेशीबाहेर गेली तेव्हाही ते जिभेवरच होतं. पुढं कधी त्यांचा पत्ता मी काढला नाही. काढता आला असता.

ते वाक्य असं होतं: साहेब, मोडा मी विसरलो नव्हतो.